एलसीएचा रिझल्ट येडा येऊन राहिला? सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी हे तपासा

मार्च-एप्रिल आला, सबमिशन जवळ आलं की माझ्याकडे एलसीएच्या (लाइफ सायकल असेसमेंट, म्हणजे एखादा माल कच्च्या मालापासून शेवटापर्यंत पर्यावरणावर किती भार टाकतो याचा हिशोब) त्याच त्या फाईली येतात. काही इंजिनिअरिंगच्या पोरांच्या, काही बुटीबोरी-हिंगण्याकडच्या छोट्या कारखान्यांच्या, ज्यांना कुठल्यातरी खरेदीदाराने "तुमच्या मालाचा कार्बन फूटप्रिंट पाठवा" असा मेल टाकलेला असतो. मेसेजचा मजकूरही ठरलेला. "भाऊ, सगळं बरोबर भरलं, पण ग्राफ काहीतरीच दाखवून राहिला, बघता का जरा." बघतो. आणि बहुतेक वेळा बिघाड त्याच ठरलेल्या जागी सापडतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

उदाहरण सगळीकडे एकच घेतो, राखेची वीट. कोराडी आणि खापरखेडा ही कोळशाची वीजकेंद्रं आपल्या उशाशी, राखेला तोटा नाही, त्यामुळे "राखेची वीट बरी की भट्टीची लाल वीट" हा प्रश्न नागपुरात कुठल्या ना कुठल्या प्रोजेक्टमध्ये असतोच. तुमचा माल वेगळा असला तरी तपासायचा क्रम हाच.

लक्षणं

- एकच प्रोसेस एकूण आकड्यातले ९०-९५ टक्के खाऊन बसली आहे, आणि ती बहुतेक वेळा ट्रान्सपोर्ट असते.
- एखादा इम्पॅक्ट (ग्लोबल वॉर्मिंग, टॉक्सिसिटी असा परिणामाचा प्रकार) सरळ शून्य.
- इनपुट बदललं, सेव्ह केलं, तरी आकडा जागचा हलत नाही.
- ग्लोबल वॉर्मिंगचा आकडा मायनस, आणि मालक खुश.
- दोघांनी तीच वीट केली पण उत्तरं ३०-४० टक्क्यांनी वेगळी.
- नॉर्मलायझेशन (वेगवेगळे इम्पॅक्ट एका मापावर आणणं) लावलं की टॉक्सिसिटीचा, म्हणजे विषारीपणाचा खांब आभाळाला, बाकीचे दिसतच नाहीत.
- दोन पर्यायांत पाच-दहा टक्क्यांचा फरक आणि समोरचा विचारतो, "मग जिंकलं कोण?"

आता तपासण्या, फुकटातल्या आधी.

कागद-पेन काढा

सॉफ्टवेअर बंद करा आणि एका विटेचा हिशोब हाताने मांडा. ३ किलोची वीट धरा. सिमेंट १० टक्के म्हणजे ३०० ग्रॅम. साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटला किलोमागे साधारण ०.९ किलो सीओटू धरलं तर २७० ग्रॅम. मशीनची वीज समजा विटेमागे ०.०२ युनिट, कोळशाच्या विजेला युनिटमागे १ किलो धरा, झाले २० ग्रॅम. राख १.८ किलो, ३० किलोमीटरवरून. सिमेंट ३०० ग्रॅम, चंद्रपूरकडून १५० किलोमीटर. वीट साइटवर न्यायला आणखी २५ किलोमीटर. वजन गुणिले अंतर, सगळं मिळून ०.१७ टन-किलोमीटरच्या आसपास, ट्रकला टन-किलोमीटरमागे ०.१ किलो धरलं तर १७ ग्रॅम, ट्रक रिकामा परत येतो म्हणून थोडं वाढवा. रेती-डस्टचे काही ग्रॅम. एकूण ३१० ग्रॅमच्या आगेमागे.

आता तुमचा रिझल्ट ०.२५ ते ०.४ किलोच्या मध्ये असेल तर मॉडेल ढोबळमानाने ठीक आहे. ५ किलो आला असेल तर ३ किलोची वीट स्वतःच्या वजनापेक्षा जास्त सीओटू सोडते असं तुम्ही म्हणताय, आणि हे गाईडसमोर बोलायच्या आधी पुढची तपासणी करा.

हा हिशोब का करायचा, तर सॉफ्टवेअर कधीच म्हणत नाही की आकडा हास्यास्पद आहे. ते चार दशांश स्थळांपर्यंत रंगीत ग्राफ काढून देतं आणि रंगीत ग्राफवर माणसाचा लगेच विश्वास बसतो.

युनिट बघा, विशेषतः टन-किलोमीटर

ट्रान्सपोर्ट ९५ टक्के दिसलं की मी बाकी काही न बघता आधी इथे जातो. राखेचं १.८ किलो गुणिले ३० किलोमीटर म्हणजे ५४, पण हे ५४ किलो-किलोमीटर आहेत. टन-किलोमीटरमध्ये ०.०५४. आणि डेटाबेसमधल्या (ट्रक, वीज, सिमेंटच्या तयार आकड्यांचा साठा) ट्रकचं युनिट टन-किलोमीटर असतं. तिथे ५४ टाकलं की एका विटेची राख आणायला ५.४ किलो सीओटू, हजारपट फुगलेलं. मग रिपोर्टमध्ये निष्कर्ष येतो "वाहतूक हा प्रमुख हॉटस्पॉट असून स्थानिक कच्चा माल वापरावा." वाचायला एकदम पटणारं, म्हणून कोणी पकडतही नाही.

दुसरी जागा विजेची, मेगाज्युल आणि विजेच्या युनिटमध्ये (किलोवॅट-तास) ३.६ पटीचा फरक असतो, आकडा साडेतीन पट कमी-जास्त दिसला की हेच. तिसरी एक्सेलमधून आणलेले आकडे, आपल्या १,००,००० मधल्या स्वल्पविरामाचा इम्पोर्ट करताना कधी कधी दशांश होतो.

शून्य आणि न हलणारे आकडे

शून्य आलं म्हणजे परिणाम नाही असं नसतं, बहुतेक वेळा जोडणी तुटलेली असते. डेटाबेस एका ठिकाणचा आणि इम्पॅक्ट मेथड (उत्सर्जनावरून परिणाम काढायचं सूत्र) दुसऱ्या ठिकाणाहून उतरवलेली असेल तर हवेतला मिथेन इकडे एका ओळखीने बसलेला असतो, तिकडे दुसऱ्या, दोघांची भेटच होत नाही, आणि सॉफ्टवेअर तक्रार न करता शून्य देऊन मोकळं होतं. ओपनएलसीए या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकटचे डेटाबेस वापरणाऱ्या पोरांना हे फार होतं. उपाय सोपा, इन्व्हेंटरीत (आत येणाऱ्या-बाहेर जाणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी) जाऊन बघा की तो उत्सर्जनाचा फ्लो, म्हणजे नोंद, आहे का. असेल आणि इम्पॅक्ट शून्य असेल तर त्या डेटाबेसला जुळणारा मेथड पॅक घ्या.

हाताने नवा फ्लो बनवलेला असेल, "CO2 माझा" टाईप, तर त्याला कुठलीच मेथड ओळखत नाही. लायब्ररीतलाच फ्लो वापरायचा. (हो, असलं नाव मी खरंच बघितलंय, देवनागरीत "सीओटू माझा".)

आकडा हलत नसेल तर दोन कारणं. एक, प्रोसेसमध्ये नवीन इनपुट टाकलं पण प्रॉडक्ट सिस्टीम (सगळ्या प्रोसेस जोडलेली साखळी) जुनीच आहे, तिला नवीन पाहुण्याचा पत्ता नाही, मॉडेल ग्राफमध्ये जाऊन जोडा नाहीतर सिस्टीम नव्याने बनवा. दोन, पॅरामीटर ग्लोबल ठिकाणी बदलला पण प्रॉडक्ट सिस्टीममध्ये त्याच नावाची जुनी किंमत ठाण मांडून बसली आहे, आणि चालते तिचीच.

तुलना कशाची कशाशी, हे एका ओळीत लिहा

इथपर्यंतचे बिघाड टायपिंगचे. आता समजेचे सुरू होतात.

"एका विटेमागे" अशी तुलना केली असेल तर थांबा. लाल विटेचा डेटा १९०×९०×९० मिलिमीटरच्या मॉड्युलर विटेचा असेल आणि राखेची वीट २३०×११०×७५ ची, तर सांध्यात १० मिलिमीटर मसाला (मॉर्टर) धरून एक घनमीटर भिंतीला पहिल्या ५०० लागतात, दुसऱ्या साधारण ४०८. विटेमागे तुलना केली तर मोठी वीट उगाच बदनाम होते. म्हणून फंक्शनल युनिट (ज्याच्यामागे हिशोब करायचा ते माप) भिंतीचं घ्या, आणि मग मसाला पण आत येतो, प्लास्टर पण. राखेची वीट साच्यातली, कडा सरळ, म्हणून मसाला आणि प्लास्टर पातळ चालतं, लाल वीट वाकडीतिकडी असली की मिस्त्री जाड थर मारतो, आणि तो थर सिमेंटचा. विटेपुरता हिशोब ठेवला तर हे सगळं अदृश्य राहतं.

एलसीएचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आयएसओ १४०४४, त्यात इंटरप्रिटेशनच्या (निकालाचा अर्थ लावायच्या) टप्प्यात तीन तपासण्या सांगितल्या आहेत, पूर्णता, संवेदनशीलता आणि सुसंगती. लोक रिपोर्टमध्ये या तिन्हींना एकेक परिच्छेद देतात आणि करत काहीच नाहीत. सुसंगतीची तपासणी म्हणजे खरं तर एवढंच, की दोन्ही बाजूंना सारखीच फूटपट्टी लावली का? एका विटेला खाणीपासून फाटकापर्यंत आणि दुसरीला खाणीपासून पाडकामापर्यंत धरलं तर ती तुलना नाही. एकीकडे कारखान्यातली मोजलेली वीज आणि दुसरीकडे जगभराच्या सरासरीचा डेटासेट, तीच गोष्ट.

विजेवरून एक शंका नेहमी येते, तीही इथेच मिटवतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा ग्रिडचा आकडा गेल्या काही वर्षांत युनिटमागे ०.७ किलोच्या थोडा वर आहे, आणि सॉफ्टवेअर १ च्या आसपास दाखवतं, मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. प्राधिकरणाचा आकडा फक्त वीजकेंद्रातून निघणाऱ्या सीओटूचा. एलसीएच्या डेटासेटमध्ये कोळशाची खाण, रेल्वे, खाणीतला मिथेन, तारेतली गळती सगळं येतं, शिवाय डेटा जुना असेल तर सोलर-विंडचा वाटा कमी धरलेला असतो. दोन्हींपैकी कुठलाही वापरा, पण दोन्ही विटांना तोच.

मिथेनचंही तसंच. मिथेन सीओटूच्या किती पट तापवतो, तर आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चौथ्या अहवालात शंभर वर्षांच्या हिशोबाने २५, पाचव्यात २८, सहाव्यात जीवाश्म मिथेनला २९.८. एकाचा रिपोर्ट जुन्या मेथडचा आणि दुसऱ्याचा नव्या असेल तर फरक तिथूनच निघतो. विटेत थोडाच, पण नागपूरच्या भांडेवाडी डम्पिंगच्या कचऱ्यासारखा विषय असेल तर भरपूर.

मायनस आकडा

मायनस आला की मालक म्हणतो ब्रोशरवर टाका. थांबा जरा.

मायनस येणं चूकच असतं असं नाही, पण तो कुठून आला हे दाखवता आलं पाहिजे. कॉन्ट्रिब्युशन ट्री (कुठल्या प्रोसेसने आकड्यात किती टाकलं ते दाखवणारं झाड) उघडा आणि मायनस फांदीवर जा. तिथे बहुधा "टळलेलं" काहीतरी असतं. राखेच्या विटेत लोक काय करतात, राख तलावात टाकणं टळलं म्हणून क्रेडिट घेतात, लाल वीट टळली म्हणून आणखी एक क्रेडिट घेतात, आणि मग त्याच लाल विटेशी तुलना करतात. लाल वीट दोनदा मोजली गेली, एकदा वजाबाकीत, एकदा समोरच्या पारड्यात. टळलेल्या लाल विटेचं क्रेडिट काढून टाका, मायनस बहुतेक तिथेच संपतो.

दुसरी जागा भुसा-तूस. भंडारा-गोंदियाकडचं धानाचं तूस जाळणारा बॉयलर असेल किंवा पुठ्ठ्याचं पॅकिंग असेल तर झाडाने शोषलेला कार्बन मायनसमध्ये धरलेला असतो आणि जाळल्यावर किंवा कुजल्यावर तो प्लसमध्ये परत यायला पाहिजे. हिशोब फाटकापाशीच थांबवला तर शोषलेला दिसतो, सुटलेला दिसत नाही. एकतर दोन्ही धरा नाहीतर दोन्ही सोडा.

ॲलोकेशन, इथे जास्त वेळ द्या

ॲलोकेशन म्हणजे एका कारखान्यातून दोन गोष्टी निघतात तेव्हा प्रदूषणाची त्यांच्यात वाटणी. दोघांनी तीच वीट केली आणि निष्कर्ष उलटे आले, तर कारण सहसा इथे सापडतं. प्रश्न असा, राख हा वीजकेंद्राचा कचरा की माल? कचरा म्हटलं तर राखेवर कोळशाचा काहीच बोजा नाही, शून्याने येते. माल म्हटलं तर वीजकेंद्राच्या प्रदूषणाचा एक हिस्सा राखेसोबत तुमच्या विटेत येतो.

किती येतो बघा. एक युनिट विजेला समजा ०.७ किलो कोळसा, त्यात ३५ टक्के राख, म्हणजे पाव किलोच्या जवळ. राख वीजकेंद्राच्या फाटकावर समजा २०० रुपये टन, म्हणजे पाव किलोचे ५ पैसे, वीज समजा ४ रुपये युनिट. किमतीच्या प्रमाणात वाटणी केली तर राखेच्या वाट्याला सव्वा टक्का, सोपं जावं म्हणून १ टक्का धरा. युनिटमागे १ किलो सीओटू होता, त्यातले १० ग्रॅम त्या पाव किलो राखेवर, म्हणजे किलोला ४० ग्रॅम. विटेत १.८ किलो राख, झाले ७२ ग्रॅम.

आता समोरची बाजू. लाल वीट बुल ट्रेंच भट्टीची (चराच्या आकाराची, आग पुढे सरकत जाते अशी कायमची भट्टी) असेल तर किलोमागे साधारण १.२ मेगाज्युल लागतात, ३ किलोच्या विटेला ३.६, कोळशाने ते साधारण ३४० ग्रॅम सीओटू. राखेची वीट शून्य बोज्याने ३१०, लाल ३४०, राख जिंकली. एक टक्का बोजा टाकला, राखेची ३८०, लाल जिंकली. एका टक्क्यात निकाल पलटला, आणि तो टक्का कुठल्याही मीटरवर मोजलेला नाही, तो तुम्ही ठरवलेला आहे.

पण आपल्याकडे कितीतरी ठिकाणी बुल ट्रेंच नाही, साधी रचून पेटवलेली भट्टी असते, तिला किलोमागे २ मेगाज्युल किंवा त्याच्याही वर लागतात. तिथे लाल वीट ५७० ग्रॅमला जाते आणि राखेची वीट बोज्यासकट निवांत पुढे. आणि राखेच्या विटेत ओपीसीऐवजी पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंट असेल, ज्यात स्वतःतच १५ ते ३५ टक्के राख मिसळलेली असते, तर २७० चे २०० च्या खाली येऊ शकतात. म्हणजे "कुठली भट्टी" आणि "कुठलं सिमेंट" हे दोन साधे प्रश्न सगळ्या स्टॅटिस्टिक्सपेक्षा जास्त वजनाचे आहेत, आणि ते दुकानात आणि भट्टीवर जाऊन विचारता येतात. सिमेंटची गोणी उलटून बघा, वर लिहिलेलं असतं.

किंमत धरताना फाटकावरची धरा, ट्रकवाल्याने तुमच्या दारात लावलेली नाही. दारातल्या बिलात बरंचसं भाडं असतं, भाडं म्हणजे ट्रान्सपोर्ट, आणि ते तुम्ही आधीच वेगळं मोजलंय.

रिपोर्टमध्ये दोन्ही-तिन्ही पर्याय चालवून दाखवा. आयएसओ १४०४४ चा क्रमही तोच, जमेल तिथे वाटणी टाळा, नाही जमलं तर भौतिक नात्याने करा, तेही नाही जमलं तर किंमत वगैरे घ्या, आणि एकाहून जास्त पद्धती लागू पडत असतील तर संवेदनशीलता तपासा. निकाल पलटत असेल तर "पलटतो" हाच तुमचा निष्कर्ष. पोरांना वाटतं असं लिहिलं तर मार्क कापतील. माझ्या मते असं न लिहिणाऱ्याचे कापायला पाहिजेत.

टॉक्सिसिटीचा खांब

नॉर्मलायझेशनच्या ग्राफमध्ये टॉक्सिसिटी सगळ्यात उंच दिसली म्हणून "आमची वीट विषारी" असं लिहू नका. कोळशाची वीज आत असली की खाणीच्या ढिगाऱ्यातून पुढे हजारो वर्षं झिरपणारे धातू डेटाबेसमध्ये आजच्या खात्यात धरलेले असतात. त्या खात्याला दीर्घकालीन उत्सर्जन म्हणतात, ते वगळून एकदा चालवून बघा, खांब किती खाली येतो ते दिसेल. शिवाय टॉक्सिसिटीच्या मॉडेलमधली अनिश्चितता ग्लोबल वॉर्मिंगपेक्षा कितीतरी पटीने मोठी असते, काही पदार्थांना दहापट-शंभरपट. तो खांब दाखवा, कुठून आला सांगा, पण त्याच्यावर निर्णय उभा करू नका.

सगळे इम्पॅक्ट मिळून एकच गुण काढायचा मोहही इथेच होतो. आतल्या वापरासाठी ठीक आहे. जाहीर तुलनेत असं वेटिंग (इम्पॅक्टना कमी-जास्त महत्त्व देऊन बेरीज) वापरायचं नाही, स्टँडर्डच मना करतं.

मोंटे कार्लो, आणि तेही सगळ्यात शेवटी

मोंटे कार्लो म्हणजे इनपुट थोडे इकडेतिकडे हलवून तोच हिशोब शेकडो वेळा चालवणं. युनिट चुकलेल्या मॉडेलवर हजार वेळा ते चालवलं तर हजार चुकीची उत्तरं मिळतात, म्हणून हे इतकं खाली ठेवलंय.

चालवलंच तर एक लक्षात ठेवा. दोन विटांचे रिझल्ट वेगवेगळे काढून त्यांच्या एरर बार एकमेकांवर चढतात म्हणून "फरक नाही" असं म्हणायचं नाही. दोन्हींत तेच सिमेंट, तीच वीज, त्यामुळे विजेचा आकडा वर गेला तर दोघींचाही जाईल. प्रत्येक फेरीत दोन्ही विटा एकाच वेळी, त्याच नशिबाने चालवा आणि त्या फेरीतला फरक नोंदवा. हजारातल्या ९५० फेऱ्यांत राखेची वीट खाली असेल तर काहीतरी बोलता येतं, ६०० मध्ये असेल तर गप्प बसा. आणि ॲलोकेशनचा निर्णय किंवा भट्टीचा प्रकार मोंटे कार्लोत येत नाही, ते वेगळे सिनॅरिओ म्हणूनच चालवायचे.

कधी थांबायचं आणि माणूस बोलवायचा

- "आमची वीट अमक्यापेक्षा पर्यावरणाला बरी" असं जाहिरातीत, वेबसाईटवर, टेंडरमध्ये लिहायचं असेल तर घरचा एलसीए पुरत नाही. जाहीर तुलनेला आयएसओ १४०४४ प्रमाणे किमान तीन जणांच्या पॅनेलकडून क्रिटिकल रिव्ह्यू (स्वतंत्र तपासणी) लागतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, दाव्यामागे पुरावा नसेल तर प्रकरण महागात पडू शकतं.
- ईपीडी (मालाच्या पर्यावरण परिणामाचं तपासून घेतलेलं जाहीर पत्रक) हवं असेल तर स्वतंत्र व्हेरिफायर लागतोच. त्या मालाचे नियम आधी वाचा, नाहीतर सगळं मॉडेल परत करावं लागतं.
- निकाल भट्टीच्या धुरावर अटकला असेल आणि मोजमापच नसेल तर डेटाबेसमध्ये खोदत बसू नका, मान्यताप्राप्त लॅबकडून चिमणीचं सॅम्पलिंग करून घ्या.
- प्रश्न "ही वीट कशी आहे" हा नसून "सगळ्या जिल्ह्याने राखेच्या विटा वापरल्या तर काय होईल" असा असेल तर तो कॉन्सिक्वेन्शियल एलसीए. कोराडीची राख सिमेंटवाल्यांकडून विटेकडे वळली तर सिमेंटवाले काय करतील, हे त्यात येतं. ते ज्याचं काम आहे त्यालाच द्या. पर्यावरण संशोधन करणारी नीरी आणि इंजिनिअरिंगची व्हीएनआयटी गावातच आहेत, विचारायला पैसे लागत नाहीत.
- वरच्या सगळ्या तपासण्या करूनही हाताचा हिशोब आणि सॉफ्टवेअर यांच्यात दुपटीपेक्षा जास्त फरक राहत असेल, आणि कॉन्ट्रिब्युशन ट्रीत कारण सापडत नसेल, तर आणखी आठवडा घालवू नका.

मदत मागताना नुसता ग्राफचा स्क्रीनशॉट पाठवून "काय चुकलं" विचारू नका, त्याच्यावरून कोणालाच काही कळत नाही. फंक्शनल युनिट एका ओळीत, इनपुटचा तक्ता युनिटसकट, डेटाबेसचं आणि मेथडचं नाव व्हर्जनसह, सगळ्यात मोठ्या पाच योगदानांची यादी, आणि तो कागदावरचा हिशोब, एवढं पाठवा. पूर्ण डेटाबेस पाठवू नका, इकोइन्व्हेंटसारखा विकतचा लायसन्सवाला असेल तर ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याला तो देता येत नाही, फक्त तुमच्या स्वतःच्या प्रोसेस एक्स्पोर्ट करा.